सतरा नंबरचा पॉइंट

आला तेव्हा आम्ही त्याला पाव्हणा म्हणायचो.
कुपवाड एमआयडीसीत, मागच्या शेडमध्ये,
लाकडी खोक्यातून निघाला, नारंगी, नुसताच एक हात,
त्याला धड नाही, तोंड नाही.
भूपाल वॉचमन म्हणाला, पाव्हणाच तो,
चार दिवस राहील, भडंग खाईल, जाईल.

गेला नाही.
मग जावई झाला, कारण पंखे आम्हाला
आणि एसी फक्त त्याच्या पॅनेलला.

शिकवायची वेळ आली तेव्हा साहेबांनी विचारलं,
शेडमध्ये सगळ्यात चांगला टाका कुणाचा?
कुणी बोललं नाही. सगळ्यांनी दस्तगीरचाचांकडे बघितलं.

आडनाव शिकलगार. आज्यानं तलवारी घासल्या,
बापानं विळे आणि अडकित्ते,
यांनी तीस वर्षं ट्रॉलीचे ॲक्सल जोडले.
चाचांनी चष्मा पुसला, हातमोजा काढला
आणि त्याचं मनगट धरलं,
पाटीवर पोराकडून 'ग' गिरवून घ्यावा तसं.
मी पेंडंट घेऊन शेजारी. जिथं ते म्हणतील
तिथं बटण दाबायचं. एक. दोन. तीन.
"दमानं घे," चाचा म्हणाले.
मला नाही, त्याला.

सतराव्या पॉइंटला चाचांचा खांदा अडकला.
पुराच्या साली हरिपुरात
कुणाची तरी म्हैस ओढताना निखळलेला, तेव्हापासूनचा.
थांबले, दात आवळले, पुढं गेले.
तेवढ्यात मी बटण दाबलं होतं.

मार्चमध्ये चाचांना नारळ दिला.
खराखुरा नारळ, शालीसकट, फोटोसकट.

हात राहिला.
दर जॉबला सतराव्या पॉइंटवर थांबायचा,
नसलेला खांदा नसलेल्या कळेतून सोडवायचा,
मग पुढं.
तिसऱ्या पाळीला शेडमध्ये मी आणि तो दोघंच.
त्याला आता मी काहीच नाव घेत नाही.
उठला का, म्हणते. आज जरा घुश्शात आहे, म्हणते.
फोनवर आई विचारते, कोण गं?

पुण्याहून एक पोरगा आला, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला.
इथं सव्वा सेकंद फुकट जातोय, म्हणाला.
शिफ्टला अकरा नग.
मी म्हटलं, असू दे की.
का?
त्याच्या तक्त्यात उत्तराला रकाना होता,
माझ्याकडं उत्तर नव्हतं.
मीच पुसला. पासवर्ड माझाच होता.

काही झालं नाही.
शिवण तशीच, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक.
आणि अकरा नग वाढले, अगदी मोजून अकरा.
माझा तेवढा त्या जागी डोळा वर व्हायचा,
बंद पडलेल्या घड्याळाकडं जावा तसा.

खंडेनवमीला चाचा आले.
शेड धुतलेली, सगळं बंद, हाताला झेंडूचा हार.
सेन्सरला कुंकू लावू नये, असा कागद मी चिकटवला होता.
कुणीतरी कागदालाही लावलं, सेन्सरलाही.
चाचांना बाजूला घेऊन सांगू लागले मी,
पैसे उचलल्याचं सांगावं तशी, खाली बघून.
ते मध्येच हसले.
"सतराला व्हय?
लई दुखायचं गं तिथं.
बरं केलंस. सुटला बिचारा."

मग पेढ्याची बोटं पँटला पुसून
त्याच्या मनगटावर, जिथं तेव्हा धरलं होतं तिथंच,
पालथा हात लावला, ताप बघावा तसा.
"गार हाय," म्हणाले.

बंद आहे चाचा, मी म्हटलं.

"व्हय," म्हणाले,
आणि हात तिथंच ठेवला
चहा येईपर्यंत.