काळा पाय

इनेस्सा बहिणीकडे गेली दहा दिवसांसाठी,
आणि जाताना फ्रिजवर चिठ्ठी:
पाणी खालून. ताटलीत ओत, पितील तेवढं पितील,
उरलेलं फेकून दे.
कोमट. नळाचं गार नको.
खिडकीची झडप दुपारी दहा मिनिटं उघड.
आणि कृपा करून त्यांच्यावर माया करू नकोस.

शेवटची ओळ मला टोमणा वाटली.
तीस वर्षं बॉयलरवर काढलीत मी,
चिठ्ठी वाचून व्हॉल्व्ह फिरवलेत.

मार्च. इझेव्स्क. बाहेर उणे अकरा,
आत रेडिएटर असा की ओले मोजे वाफाळतात.
काचेवर बर्फाची जाळी, काचेआड
दुधाच्या कापलेल्या खोक्यांत
बहात्तर टोमॅटो, प्रत्येकी दोन पानं,
तीही अजून खरी नव्हेत.

फेब्रुवारीत तिनं माती ओव्हनमध्ये भाजली होती,
घरभर तळघराचा वास,
रविवारचा केक रद्द.
खोक्यांना उकळतं पाणी,
बियांना जांभळ्या पाण्यात वीस मिनिटं आंघोळ,
आणि पेरणी विरळ, चिमट्यानं, श्वास रोखून.
मी हसलो होतो,
बाळंतिणीच्या खोलीतही कुणी एवढं करत नाही.

पाचव्या दिवशी माती कोरडी दिसली.
वरवर. बोट घालून पाहिलं नाही.
मग्गा घेतला, वरून ओतला.
रात्री पुन्हा,
एकदा दिलं की पुन्हा द्यावंसं वाटतंच.
आणि गारठतील म्हणून झडप बंद.

सातव्या सकाळी डावा कोपरा झोपलेला.
मला वाटलं, मान टाकली.
चष्मा लावला.
मान ताठ होती, पानं हिरवीगार,
पाय गेले होते.
मातीला टेकतात नेमके तिथे,
कुणी काळा दोरा करकचून बांधावा तसे.
आठ.
मेल्याचं अजून त्यांना कळलं नव्हतं.

आमच्याकडे याला काळा पाय म्हणतात.
खालच्या मजल्यावरची ग्लाफिरा
बूट न काढता आत आली, वाकली, म्हणाली,
माती खाल्लीस.
औषध?
पडलेल्याला नाही. उभ्याला आहे.

चमच्यानं काढली मग, मातीसकट,
आजूबाजूचं बोटभर जास्तच.
पिशवीला गाठ, थेट कचऱ्यात.
कढईत वाळू भाजली, गार होऊ दिली,
उरलेल्यांच्या पायाशी चिमूट चिमूट घातली,
मीठ घालावं तशी.
दुपारी झडप उघडली, घड्याळ लावून,
मग माळ्यावरचा पंखा भिंतीकडे तोंड करून.
रोपं थरथरली.
मीही, गंजीफ्रॉकात.
आणि तीन दिवस पाणी नाही.
हे सगळ्यात कठीण.
सकाळ-संध्याकाळ मग्ग्यापाशी उभा राहायचो
हात पाठीशी बांधून.

इनेस्सा आली ती कोटासकट खिडकीशी.
मोजली. चौसष्ट.
मागे न वळता म्हणाली, किती वेळा?
दोनदा, म्हटलं. वरून.
ती काही बोलली नाही.
रिकाम्या कोपऱ्यातली वाळू नखानं जरा सारखी केली,
स्वयंपाकघरात गेली,
ओट्यावरचा चमचा उजेडात धरला.
हाच का तो?
हो.
किटली उचलून त्यावर उकळतं पाणी ओतत राहिली,
बराच वेळ.

त्याच चमच्यानं मी तीन दिवस लापशी खात होतो,
हे सांगितलं नाही.