मंत्राचा रकाना

सिंदेवाहीच्या बंद राइस मिलमध्ये
कोंड्याच्या पोत्यावर पाट,
पाटावर वीस पैलूंचा फासा.
भूषण मांत्रिक. त्याच्या पानावर मंत्रांची दाटी,
एक रात्र झोपला की सगळे पुन्हा भरतात.

यामिनीचा तो रकाना कोराच.
खाली पेन्सिलीनं: ढाल, चकमक, दोर वीस हात.
"तुले जादू काऊन नाही पाह्यजे?"
"झोपून भरते, ते सरते बी."

खेळ मी चालवतो. नियम चाळतोय कधीचा:
अशी गाठ मारणं हे कसब धरायचं,
की जादू?
दैत्य तर बांधला गेला,
आणि भूषणचे मंत्र सरलेले.

मग फासा घरंगळून पोत्यांमागं गेला.
तिकडे परवा इच्चू निघाला होता.
यामिनी कोपरापर्यंत हात घालते, चाचपते.

मांत्रिक पाय वर घेतो.