तांबडं

कॅनडा कॉर्नरच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
काळा पडदा ओढून मी दिवस बंद करते.
फोटोच्या खोलीत ऊन चालत नाही.
सकाळचं वेगळं, चारचं वेगळं,
आणि यंत्राला रोज तेच ऊन हवं असतं.

हात टेबलावर. शेजारी रंगांचं कार्ड,
चोवीस चौकोन, कडा माझ्या बोटांनी मळलेल्या.
"हलू नका काका."
खट्.
पडद्यावर कातडीचे ठिपके सुटे होतात,
लाल निराळा, हिरवा निराळा, निळा निराळा.
चिवड्यातून पोरं शेंगदाणे वेचतात
तशी प्रोग्रॅम लाली वेचतो
आणि उरलेला माणूस तसाच ठेवून
आकडा देतो.

रंगनाथ तांबट, वय एकसष्ट, तांबट लेन.
दोन्ही मनगटांवर चट्टे, चार वर्षांपासूनचे.
मागच्या महिन्यात अकरा पूर्णांक नऊ,
आज अकरा पूर्णांक सहा.
"उतरलंय," मी म्हणाले.
"उतरलंय? रात्रभर पंख्याखाली
हात धरून बसतो मी.
तांबडं आहे गं हे. तुझ्या मशीनला दिसत नाही?"

मलाही दिसत नव्हतं, खरं तर.
सावळ्या कातडीवर काहीतरी जांभळट,
वांग्याच्या देठाखाली असतं तसं.
लाली मी पुस्तकात शिकले, गोऱ्या गालांवरची.
प्रोग्रॅमही त्याच शाळेतला:
हजारो गाल, रागावले, लाजले
की लगेच कळणारे.
सावळ्या माणसाचं लाजणं
त्याला कधी कोणी दाखवलंच नाही.

कार्डावरचा पहिला चौकोन माझ्या रंगाचा आहे.
बायोडेटात आईने लिहिलंय, निमगोरी.

"आम्ही तांबं तापवताना दिवा मालवतो,"
ते सांगत होते, हातोडीने चपटा झालेला अंगठा
टेबलाच्या कडेवर घासत.
"उजेडात तापलेलं कळत नाही.
अंधारात कळतं. आणि तिथंही नाही कळलं
तर हात असा धरायचा. वरून. टेकवायचा नाही."

मी धरला.
बोटभर अंतरावरून धग आली.
दोन बोटं पलीकडे कातडी गार.
मग काच दाबली, चट्टा फिका पडला,
सोडली, तसा तो पुन्हा भरून आला,
सावकाश, कुणी नाव विचारल्यावर
सांगावं की नको असं करत.

कोठावदे मॅडमना आकडा लागतो.
आलेखात धग बसत नाही.
शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरांची जागा,
आजवर मी तिथे 'ठीक' लिहीत आले.
आज लिहिलं:
तांबडं आहे. हाताला कळतं.
जतन करू का, यंत्राने विचारलं,
ते सगळ्यांनाच विचारतं.

रंगनाथकाका कार्ड उचलून बघत होते.
"यात तांब्याचा रंग कुठाय?"
"नाहीये."
"मग?"

मग काय सांगणार.
निघताना त्यांनी सवयीने पडदा सारला,
मी अडवलं नाही.
चारचं ऊन सरळ टेबलावर आलं
आणि चोवीसच्या चोवीस चौकोन
एकदम चुकीचे दिसायला लागले.