माळ्यावरचं खोकं

घणसोलीत, मढवीकाकींच्या माळ्यावर
सहा वर्षं माझं एक खोकं होतं.
तेवढ्यात मी कुठे कुठे राहिलो:
काझा, मडिकेरी, तेजपूरला एका शिंप्याच्या दुकानावर.
प्रत्येक मोरीतला नळ कुठल्या बाजूला फिरतो
हे हाताला कळेपर्यंत
निघायची तारीख यायची.

काकींनी शिडी धरली.
खोक्यात एक चार्जर, आता कुठल्याच फोनचा नाही.
आणि कुलूप.
त्याची किल्ली मी गळ्यात घालून हिंडलो,
दार कुणाचं, ते विसरून.

"कुकर तेवढा वापरला रे मी," काकी म्हणाल्या,
"रबर दोनदा बदललं."

स्वयंपाकघरात शिट्टी झाली.
मी अजून शिडीच्या मधल्या पायरीवर,
केसांत जळमटं.

"निघू का, काकी?"

"थांब.
अजून दोन व्हायच्यात."