दोन्ही नावे एकाच इसमाची

खानापूरच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानात
मला सगळे वकीलबाई म्हणतात.
मी वकील नाही. संस्थेची माणूस.
फायली शिवते, पानांना नंबर घालते,
मराठीत ऐकते, कन्नडात लिहिते,
सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली मारून देते.

आज कोंडू झोरे. जंगलातल्या गवळीवाड्याचा.
त्याच्या कार्डावर झोरे,
आज्याच्या दंडपावतीवर जोरे:
बेकायदा चराई, चार आणे, सन एकोणतीस.
तिथं राहत होते याचा
एवढा एकच कागद, तोही गुन्ह्याचा.
साहेब म्हणाले, हा आजा दुसऱ्या कुणाचा.
दावा फेटाळला.

कोंडू हसला.
"मग त्ये चार आणे परत कुणाला द्यायचे?"

अपील. वीस रुपयांचा स्टँप.
वर नमूद दोन्ही नावे एकाच इसमाची.
हे वाक्य इतक्यांदा लिहिलंय
की हात आता विचारत नाही, कोणाची.
सकाळी कंडक्टरला मी बेळगाव म्हटलं होतं,
त्यानं बेळगावी ऐकलं,
आणि सुटे नाहीत म्हणून दोघंही भांडलो.

शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून
कोंडू कागदापाशी थांबला.
"बाई, पुसा की आदी ती फुली.
आमच्याकडं फुली मारल्यालं झाड
म्हयन्याभरात पाडत्यात."

नोटरी घड्याळ बघत होता.
मी दुकानभर खोडरबर शोधत राहिले.