पाटीवरचा एस

शेफील्डला, कात्र्यांच्या गल्लीत
ऑलरेन्शॉच्या दुकानाची पाटी
मी तिसऱ्यांदा रंगवतोय.

पहिल्यांदा म्हातारा म्हणाला, 'अँड सन' लिही,
पुढे बोटभर जागा सोड.
एस काय, मागाहूनही बसेल.
सनच्या पाठीवर विनिफ्रेड झाली.
जागा तशीच राहिली.

दुसऱ्यांदा आलो, तेव्हा सन कॅनडात.
म्हातारा शिडी धरून वर बघत नव्हता.
'असू दे', म्हणाला, 'नुसता उजळ'.

आता शिडी विनिफ्रेडनं धरलीय,
नखांत पॉलिशचा काळा.
म्हणते, खाली धंदा लिही.
मी विचारतो, सिझर की सिझर्स?

सिझर, ती म्हणते.
टेबलावर एकटी पडली असली
तर दोन पात्यांची म्हणून अनेकवचनी;
मेकरशेजारी बसवली
की एस गळून पडतो.
सोबत मिळाली की एक होते बघ,
बाबा हसायचे यावर.

ब्रशवरचा रंग वाळायला लागला.
आणि पुढे? मेकर की मेकर्स?

तिनं मागे वळून दुकानात पाहिलं,
आत कोण कोण आहे
मोजल्यासारखं.
मग म्हणाली,
खाली उतर, आधी चहा घे.