रेघ

पेटीच्या कडेला करंगळीएवढी काचेची नळी.
पेटी कुठे आदळली की ती लाल होते,
आणि एकदा झाली की परत पांढरी होत नाही.
कोइमतूरची पेटी, आत जेकार्डचं डोकं,
किंमत साडेतीन लाख.
नळी लाल.

अक्कलकोट रोड, सकाळचे सात.
शिवशरण साहेबांनी हमालांना रांगेत उभं केलं.
"फोडलं कुणी?"
कुणी बोललं नाही, पण सगळ्यांनी
नरसय्या गुंडेटीकडं बघितलं.
उतरवली त्यानंच होती.

नळी एवढंच सांगते : झालं.
कुठं, कधी, कुणाच्या हातून,
ते तिच्या पोटात नाही.

पण आत थर्माकोलमध्ये दडून
काड्यापेटीएवढं एक यंत्र आलं होतं, सगळी वाट जागं.
वायर जोडली. पडद्यावर रेघ उमटली,
दोन रात्रींची थरथर,
आणि मग दोन सत्तेचाळीसला एकच सुळका.
अडतीस जी.
ड्रायव्हरच्या पावत्यांशी वेळ जुळवली :
झळकीच्या अलीकडचा गतिरोधक. बहुधा डुलकी.

साहेब क्लेमचा फॉर्म भरायला आत गेले.
रांग आपोआप मोडली.
मी रेघ पुढं सरकवत राहिलो, उगाच.
सहा अठरा. ट्रकचं फाळकं उघडलं असणार.
सहा एकोणीस, पेटी पाठीवर.
तिथून रेघ निजल्यासारखी.
टेकवली तो क्षण
मला शोधूनही सापडेना.

नरसय्या खिडकीशी आला.
"काय सांगलालंय ते, माझ्याबद्दल?"
"काहीच नाही."
"म्हंजे चांगलं का वाईट?"

मी पडदा त्याच्याकडं वळवला.
त्यानं त्या सपाट रेघेवर बोट फिरवलं,
ताण्यातली तार चाचपावी तसं.
"अठरा वर्षं बीम उचलले कारखान्यात," म्हणाला.
"टेकवताना एक तार तुटली तरी
हप्त्यातून कापायचे.
मालक आत बसून आवाज ऐकायचा."

फॉर्ममध्ये एक रकाना होता :
उतरवताना निष्काळजीपणा, होय / नाही.
साहेबांनी 'नाही'वर खूण केली.
त्याच्यापुढं लिहायला जागा नव्हती.

बाहेर टॉवेलच्या गाठी आल्या होत्या, चेन्नईच्या.
नरसय्यानं पहिली गाठ
फळीवरून अशी भिरकावली
की पत्र्यावरची कबुतरं उडाली.
मी बघतोय हे बघून हसला.

"टॉवेलला काय लागतंय बे!"